अकरा रायफली आणि तीन काडतुसं

लार्च क्रीक, मोंटाना
ऑक्टोबर, शनिवार दुपार

आदरणीय लॉईड दाजी,

तुम्हाला आणि सिग्रिडताईला लोरेटाचा आणि माझा नमस्कार. तुमचा नवा गुडघा एव्हाना तुमचं ऐकायला लागला असेल आणि ताईने तुम्हाला व्यायामाच्या नावाखाली जिन्यावरून वर-खाली पळवणं थांबवलं असेल, अशी आशा आहे. समुद्राकाठची हवा हाडांना चांगली की वाईट, याबद्दल आमच्या इथल्या डॉक्टरचं मत दर भेटीला बदलतं, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही. इकडे शिखरांवर बर्फ दिसायला लागलंय, लार्चची झाडं पिवळीधमक झालीत आणि माझी तब्येत तशी ठीक आहे. हात तेवढे थरथरतात. पण ते गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारपासून, आणि त्या गुरुवारची हकिगत सांगायलाच लिहायला बसलो आहे.

आमच्या रायफल क्लबाची रीत तुम्हाला माहीत आहे. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात एकोणीस माणसं जमतात, कॉफी पितात आणि त्यातला एकजण आपल्या संग्रहातली सर्वांत आवडती रायफल आणून तिच्याबद्दल दहा मिनिटं बोलतो. बारा वर्षं मी ही पाळी टाळत आलो (दोनदा दाढदुखी आणि एकदा लोरेटाच्या मावशीचं निधन, जे खरं तर दोन वर्षं आधीच झालं होतं). यंदा मात्र आमचे अध्यक्ष डेल्बर्ट स्ट्रँड यांनी माझं नाव फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. डेल्बर्टला तुम्ही पाहिलंय, ताईच्या साठीच्या जेवणात ज्याच्या हसण्याने आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याने टेबलाखाली धूम ठोकली होती, तोच तो. सगळ्यांदेखत मला म्हणाला, अकरा-अकरा रायफली बाळगतोस, एकीवर तरी जीव असेलच की तुझा. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

कारण निवड करायची म्हणजे वैर ओढवून घ्यायचं, दाजी. तुम्ही मला पन्नाशीला दिलेली रायफल माझी लाडकी आहेच, त्यात प्रश्नच नाही (ती मी दर रविवारी पुसतो. बहुतेक रविवारी). पण ती नेली तर वडिलांच्या जुन्या तीस-तीस रायफलीचं काय, जिच्या दस्त्यावर त्यांच्या गालाची जागा अजून गुळगुळीत आहे? सासऱ्यांनी लग्नात दिलेली दुर्बिणीची रायफल आहे. ती हातात ठेवताना ते म्हणाले होते की माझी मुलगी रडली तर मला चार मैलांवर ऐकू येतं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली तरी ती मी दोन्ही हातांनीच उचलतो. एक खुद्द डेल्बर्टने माझ्या गळ्यात मारलेली आहे, आणि तो पहिल्या रांगेत बसणार. शिवाय एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या एकेका रायफलीमागे एकेक भीती आहे. पूर्वेकडच्या तुरुंगातून दोन कैदी पळाले त्या हिवाळ्यात एक आली. पुमाने शेजारची शेळी नेली तेव्हा एक आली. लोरेटाच्या छातीत गाठ निघाली (ती साधीच ठरली, देवाची कृपा), त्या आठवड्यात दोन आल्या, त्यांचा काय उपयोग होणार होता ते मला आजही सांगता यायचं नाही. जनावर मी एकही मारलेलं नाही. कागद मारलेत पुष्कळ, आणि एकदा आमचीच पाण्याची टाकी.

तर त्या गुरुवारी सकाळी निवड उरकूनच टाकायची असं ठरवून मी घराच्या तळघरात उतरलो. लोरेटा वरच्या मजल्यावर आंघोळीला गेली होती. स्वयंपाकघरात तिने आदल्या दिवशी केलेल्या सफरचंदाच्या मुरंब्याच्या चोवीस बरण्या ओट्यावर मांडलेल्या होत्या आणि मागचं दार उघडं होतं (ते सरपण आत आणताना कुणी उघडं टाकलं याची चौकशी लोरेटाने अजून केलेली नाही, तुम्हीही करू नका). मी अकराच्या अकरा रायफली घोंगडीवर ओळीने मांडल्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. तेवढ्यात डोक्यावरची फळी वाजली. वाटलं, लोरेटा आटोपून खाली आली. पण फळी वाजून थांबली नाही, ती वाकली. मग दुसरी वाकली. मग नाकातून जोरात हवा ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बरणी फुटली. माझ्या खिशातला फोन वाजायला लागला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"काय पाडलंस आता?" लोरेटा.

"मी तळघरात आहे," मी कुजबुजलो.

मग तीही हळू आवाजात म्हणाली, "मग खाली कोण आहे?"

उत्तर दोघांनाही ऐकू आलं. ते चाटत होतं. दाजी, मोठ्या जिभेने काच बाजूला सारत गोड चाटण्याचा आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल, ऐकूही नये. आमच्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वर न्हाणीघरात बायको, खाली तळघरात मी, आणि मधोमध अस्वल. तळघराच्या दाराला कडी आहे, पण ती स्वयंपाकघराच्या बाजूने.

लोरेटाने फोन ठेवून वनखात्याच्या माणसाला कळवलं आणि मला पुन्हा फोन केला. तो चाळीस मैलांवर होता. तासाभरात पोचतो म्हणाला, अस्वलाच्या वाटेत जाऊ नका म्हणाला, आणि तुमच्या नवऱ्याला बजावून सांगा की त्यांनी खालीच थांबावं. त्यावर लोरेटाने त्याला सांगितलं की ते बजावायची गरज नाही. (हे तिने मला का सांगावं, कळत नाही.) मग मी तिला काडतुसांच्या पेटीची किल्ली विचारली. नातवंडं यायला लागल्यापासून काडतुसं वेगळी कुलपात ठेवायची हा तिचा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

"किल्ली माझ्याजवळ आहे," ती म्हणाली.

"मग खाली टाक ना."

"कुणाकडे?"

मी घोंगडीवर ओणवा होऊन रायफली चाचपत राहिलो. अकरा रायफली आणि एक गोळी नाही. तरी खरं सांगतो, त्या वेळीही मी निवडतच होतो. कुठली हातात धरली तर मरताना बरं वाटेल, असा तो विचार होता. वडिलांची उचलली, ठेवली. तुमची उचलली (तुमचीच आधी उचलली, वडिलांची नंतर). सासऱ्यांची उचलायला गेलो तर तिची नळी शेजारणीवर आपटून ठण्ण वाजलं. वरचं चाटणं थांबलं. पावलं तळघराच्या दाराशी आली. जिन्याच्या माथ्यावर दाराखालून एरवी उजेडाची एक रेघ दिसते. ती रेघ अर्धी काळी झाली, आणि त्या फटीतून श्वास आत यायला लागला. मुरंब्याचा आणि कुजक्या पाल्याचा मिळून वास होता. मी स्टुलाचा पाय धरून बसलो. का, ते विचारू नका.

किती वेळ गेला कोण जाणे, पण रेघ पुन्हा अखंड झाली. तेव्हा मला खुंटीवरचं जुनं शिकारीचं जाकीट आठवलं. त्याच्या आतल्या खिशात एक रुमाल, एक विरघळलेली गोळी (खोकल्याची) आणि तीन काडतुसं निघाली. चष्मा वर राहिलेला, त्यामुळे आकडे वाचता येईनात. एकेक रायफल घेऊन काडतूस बसतंय का ते बघत गेलो. तुमच्या रायफलीत बसलं नाही, वडिलांच्या नाही, सासऱ्यांच्या नाही. बसलं ते दहावीत. ही दहावी मी कुणाला दाखवत नाही. शेजारच्या विधवेने अंगणात जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून इस्त्रीच्या टेबलासोबत घेतलेली. दस्ता तडकलेला, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिच्यात तिन्ही काडतुसं अशी बसली, जणू घरी आली.

मी लोरेटाला ते सांगायला फोन कानाला लावला तर फोन मेलेला. चार्ज करायचा राहिला होता. तेवढ्यात वर काहीतरी प्रचंड मोठं कोसळलं आणि नंतर काहीच ऐकू येईना. चाटणं नाही, पावलं नाही, श्वास नाही, लोरेटा नाही. दाजी, आवाज होता तोवर ते कुठे आहे हे तरी कळत होतं. आता मला वाटलं, ते वर गेलं. न्हाणीघराचं दार पातळ आहे. मीच बसवलेलं आहे ते, मला माहीत आहे किती पातळ आहे.

जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी प्रत्येक पायरीवर थांबलो. सातव्या पायरीवर परत फिरलो, हेही लिहून टाकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून चढलो. वर पोचल्यावर दार हळूच लोटलं. कडी लावलेली नव्हती. स्वयंपाकघरात अस्वल नव्हतं, लोरेटा होती. कपाट आडवं पाडून ते मागच्या दाराने निघून गेलं होतं, आणि ते बागेतून ओढ्याकडे जाताना तिने वरच्या खिडकीतून पाहिलं होतं, म्हणून ती खाली आली होती. असो.

पुढच्या बैठकीला मी ती दहावी रायफल घेऊन गेलो. तिची चिकटपट्टी बघून लोक आधी एकमेकांना कोपरं मारत होते. मी सगळं सांगितलं, चौदाव्या पायरीपर्यंत. नंतर थोडं वळण दिलं, म्हणजे अस्वलाने वळून माझ्याकडे पाहिलं, आमची नजरानजर झाली आणि मी त्याला जाऊ दिलं, असं. बाकीची अठरा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. डेल्बर्टने माझा हात असा दाबला की बोटं अजून दुखतात, आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला तुझं नाव सुचवतो म्हणाला. केकचा सर्वांत मोठा तुकडा मला मिळाला. तो मी रुमालात गुंडाळून घरी आणला, कारण घशाखाली उतरेना.

ताईला माझा नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा
आर्विड

ता. क. चोवीसपैकी एक बरणी वाचली आहे. ती ताईसाठी ठेवली आहे.

आणखी एक. वर जिथे मी 'असो' लिहिलंय, तिथे खरं तर आणखी चार ओळी हव्यात. दार मी चार बोटंच लोटलं होतं. फटीतून मला शेगडीपाशी जमिनीवर ओणवं झालेलं काहीतरी दिसलं, तपकिरी आणि केसाळ. तो लोरेटाचा थंडीतला झगा होता, मीच गेल्या नाताळात आणलेला. ती काचा वेचत होती. मला ते अस्वल वाटलं. मी रायफल खांद्याला लावली आणि पाठीच्या बरोबर मध्ये नेम धरला. आणि दाजी, मी चाप ओढला. तो हलला नाही. त्या रायफलीची सुरक्षेची कळ बाकीच्या दहांच्या उलट फिरते, आणि मी घाबरून ती नेहमीच्या बाजूला फिरवली होती. मी दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा ओढायच्या आत ती खोकली. अडतीस वर्षं मी तो खोकला ऐकतो आहे. मी रायफल खाली घेतली, चार पायऱ्या उतरलो, भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि मग पाय आपटत पुन्हा वर आलो. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्याशी जेवताना बोलतो, पण तिच्या पाठीकडे मला बघवत नाही.

आणि ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे, ते राहिलंच. नोव्हेंबरच्या आत या. दहा तासांचा रस्ता आहे आणि गुडघा नवा आहे, कळतं मला. पण या, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणा की तुम्हाला आता संग्रह करायची हौस आली आहे आणि आर्विडने नाही म्हटलं तर तुम्ही रागवाल. मी थोडा नाही-होय करीन. तुम्ही ऐकू नका. सगळ्या घेऊन जा, तुमचीसुद्धा. लोरेटाला कारण कळता कामा नये.

*

भावोजी, लोरेटाचा नमस्कार. तिकीट लावायला म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं, आणि चिकटवायच्या आधी मी वाचलं. याला जे लपवायचं असतं ते हा नेहमी माझ्याच हाती पोस्टात पाठवतो. तुम्ही याच, आणि येताना मोठी गाडी आणा. आर्विड म्हणतो तसंच टेबलावर मागा, मी पण थोडी कुरकुर करीन, म्हणजे त्याला बरं वाटेल. अस्वल परवा पुन्हा येऊन गेलं. मी दार लावून घेतलं, तेवढ्यावर ते परत गेलं. आर्विडला सांगितलेलं नाही, खाली जाऊन निवडत बसेल.

आणि हे तुमच्यापाशीच राहू द्या. शेगडीच्या खालच्या काचेच्या दारात मला पाठीमागचं तळघराचं दार दिसत होतं, फट दिसत होती आणि नळीही दिसत होती. एकदम वळले किंवा ओरडले तर याचा हात काय करील, ते मला माहीत नव्हतं. मला त्या दिवशी खोकला नव्हता.