एकेचाळिसाव्या घाण्याची नोंद

प्रिय भट्टीमामा,

पाकीट हातात पडल्यावर तुम्ही आधी ते उलटसुलट करून बघाल, मग घरभर चष्मा शोधाल. तो कपाळावर असेल. मामींना हाक मारू नका, त्या हसतील.

बातमी आधी सांगते, कारण तुमच्या घाईताईला अजूनही दम निघत नाही. आपला एकेचाळिसावा घाणा पास झाला! बॅचला घाणा म्हणायची तुमची सवय मला लागली ती लागलीच. नवी पोरं आधी हसायची, आता तीही म्हणतात. कंपनीला रक्त शुद्ध करणारे कार्बनचे मणी हवे होते. विषबाधा झालेल्या माणसाचं रक्त नळीतून बाहेर आणून या मण्यांमधून फिरवतात, विष मण्यांच्या छिद्रांत अडकतं, रक्त परत अंगात जातं. मणी मोहरीपेक्षा बारीक, गोल आणि बोटाला काळं न लावणारे हवेत. तीन वर्षं आम्ही भट्टीच्या नाकदुऱ्या काढल्या, पण छिद्रं इतकी बारीक यायची की मोठ्या अंगाचं विष आत शिरायचंच नाही. शेवटी मी कपाटावरची ती जुनी बरणी खाली काढली. टाकून द्यायला सांगितलेला माल तुम्ही 'घाणा एकेचाळीस' अशी चिठ्ठी लावून जपून ठेवला होता, आठवतं? त्या मण्यांनी पहिल्याच परीक्षेत बाकीच्या सगळ्यांना मागे टाकलं. नोंदवहीत बघून आम्ही तो घाणा हुबेहूब पुन्हा काढला. परवा रुग्णालयातून कळलं, चाचणीतली पहिली बाई स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

आता ती सकाळ. अठरा वर्षं झाली, पण मला भिंतीवरच्या कॅलेंडरचं पानसुद्धा आठवतं. दोन भट्ट्या शेजारीशेजारी, दोघींचे काटे एकाच फळ्यावर. मण्यांना छिद्रं पाडणारी वाफ नऊशेला सोडायची, हे मला पाठ होतं. दोन नंबर नऊशे अंशांवर होती, एक नंबर जेमतेम सातशेवर. मी दोन नंबरचा काटा वाचला आणि एक नंबरची वाफेची झडप उघडून मोकळी झाले. चाळीस मिनिटांनी तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ओरडला नाहीत. "अतिघाई संकटात नेई, ही पाटी आता रस्त्यावरून काढून इथंच लावतो," एवढंच म्हणालात, आणि मी रडायला लागले. नोकरीत कायम व्हायला अकरा दिवस उरले होते आणि आधीची एक चूक माझ्या नावावर होतीच. वहीत लिहू नका म्हणून मी तुमच्या हातापाया पडले. तुम्ही लिहिलंतच. वेळ, अंश, चाळीस मिनिटं, सगळं जसंच्या तसं. फक्त 'झडप उघडणारा' या रकान्यात स्वतःचं नाव घातलंत. "भट्टीशी खोटं बोलायचं नाही, माणसांचं बघून घेऊ," म्हणालात.

बरं, तेवढ्यावर थांबला नाहीत. घाणा फेकून न देता तुम्ही वाफ मंद केलीत आणि दुपारपर्यंत भट्टीच्या आवाजाकडे कान देऊन बसलात. निम्मा माल जळून गेला. उरलेल्यातले चिमूटभर मणी तुम्ही शाईच्या पाण्यात टाकलेत. डबा खाऊन आलो तर पाणी नितळ! तेही वहीत लिहिलंत, 'शाई पूर्ण खाल्ली.' असलं काय लिहिता हो मामा, म्हणून मी हसले. सकाळी धाय मोकलून रडलेली मीच.

आठवड्याने तुम्हाला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं. नुसत्या आवाजावरून भट्टीचं दुखणं ओळखणारा माणूस निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं पोत्यांची तोंडं शिवत राहिला. मी कायम झाले, पुढे शिकले, विभागाची प्रमुख झाले. रोज तुमच्यासमोरून जायचे. तुम्ही हात वर करून विचारायचात, "काय घाईताई, आज कुठला काटा वाचला?" मी हसायचे आणि चालायला लागायचे. तुम्ही निवृत्त झाल्यावरही मूग गिळून बसले. मामा, माझं सगळं आयुष्य तुमच्या त्या एका रकान्यावर उभं आहे. तुमचे आभार मानायचे तर आधी चूक कबूल करायला हवी होती, म्हणून आभारही राहून गेले. आज मानते, मनापासून मानते.

सोमवारी बैठकीत मोठ्या साहेबांनी ती वही सगळ्यांसमोर उघडली. कुणा भट्टीवाल्याचा हलगर्जीपणा कंपनीच्या पथ्यावर पडला, असं म्हणून ते हसले, बाकीचेही हसले. पेटंटच्या अर्जावर संशोधक म्हणून नाव माझं एकटीचं होतं. मी गप्प बसले असते तर कुणालाही पत्ता लागला नसता. मी उभी राहिले. काटा मी चुकीचा वाचला, झडप मी उघडली, हे सांगितलं. घाणा वाचवला, वाफ मंद केली, शाईची परीक्षा घेतली आणि खरं लिहून ठेवलं ते भट्टीमामांनी, हेही सांगितलं. ती चाळीस मिनिटं वहीत नसती तर आम्ही सात जन्मांत तो घाणा पुन्हा काढू शकलो नसतो. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? मी वही माझ्याकडे ओढून घेतली. कारवाई काय व्हायची ती होईल, तुम्ही काळजी करू नका.

हे पत्र लिहायचं कारण सोबतच्या दोन कागदांत आहे. पहिला पेटंटचा अर्ज. संशोधक दोन, तुमचं नाव आधी. तुमच्या सहीवाचून तो पुढे जाणार नाही; जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करा, नेहमीसारखं दोनदा वाचून. दुसरा कागद म्हणजे वहीतल्या त्या पानाची प्रत. तुम्हीच शिकवलं होतं, नोंदवहीत खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एकच रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची आणि तारीख त्याच दिवसाची घालायची. सोमवारी साहेबांच्या देखत मी तशी रेघ मारली. 'झडप उघडणारा' या रकान्यात आता माझं नाव आहे. रेघेखाली तुमचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.

तुमचीच,
घाईताई