वाणाची पिशवी आणि तुझा टेबलक्लॉथ

मुलुंड (पूर्व),
२२ जानेवारी १९८६

ती. माणिकताईस,
उत्तराचा नमस्कार.

गणपतीपासून तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. कारणं शोधली तर सापडतील. ह्यांची कावीळ, माझ्या शलाकाची परीक्षा, सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडच्या फेऱ्या. पण ही सगळी मिळून दोन महिन्यांची कारणं होतात, आणि मी गप्प आहे चार महिने. मधल्या काळात मी चारदा लिहायला बसले आणि ‘तू कशी आहेस’च्या पुढे गेले नाही. तर, तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागून घे, मागण्यात कमीपणा नाही. (हे मी सांगावं म्हणजे कमाल आहे. मला शेजारी विरजण मागायला जायचं तर दारापर्यंत जाऊन दोनदा परत येते.) पाकिटात हलव्याचे दाणे टाकलेत. पोस्टाचा शिक्का नेमका त्यांच्यावर बसला तर पीठ होईल, तेही गोड मानून घे आणि निदान हे पत्र संपेपर्यंत माझ्याशी गोड वाग.

आता झालं काय ते सांगते. आमच्या सोसायटीत महिला मंडळ आहे, आणि त्याच्या चिटणीस सुहासिनी कारखानीस आहेत, त्यांना स्वस्थ बसवत नाही. गेल्या संक्रांतीला बावीस घरांनी हळदीकुंकू केलं आणि बावीसच्या बावीस घरांनी वाण म्हणून प्लास्टिकची साबणदाणी लुटली, कारण स्टेशनसमोरच्या दुकानात ती डझनावर मिळत होती. त्यामुळे प्रत्येक घरात एकवीस साबणदाण्या झाल्या. (आमच्याकडे एकीत लवंगा आहेत, एकीत ह्यांचं बूट-पॉलिश, आणि या दोघांची एकदा अदलाबदल झाली होती.) म्हणून या वर्षी बाईंनी ठराव मांडला की रथसप्तमीला मंडळाचं एकच हळदीकुंकू करायचं, आणि वाण हाताने केलेलं द्यायचं. क्रोशाची पिशवी. साधी, चौकोनी, खांद्याला अडकवायची, कुणालाही जमेल अशी. शिकवणार कोण, एवढाच प्रश्न उरला.

सभा आमच्याच घरी होती. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, मला वाटलं डुलकी घेतायत. त्या म्हणाल्या, “शोधता कशाला बाहेर? आमची उत्तरा शिकवेल. तिला बघायला गेलो तेव्हा असा टेबलक्लॉथ दाखवला होता हिच्या आईने, की मी तिथेच ठरवलं. मुलगी मागाहून बघितली.” बायका हसल्या. सुहासिनीबाईंनी वहीत माझं नाव लिहूनही टाकलं. आणि ताई, मी काय केलं? मान खाली घातली.

तुला आठवतं ना, सांगलीला पासष्ट साली मी हेच केलं होतं. आईने मला बजावलं होतं की विचारलं तेवढंच बोल, बाकी मान खाली. सासूबाईंनी टेबलक्लॉथवरून हात फिरवून विचारलं, “हे तू केलंस का गं?” मी सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली, आणि खाली गेलेल्या मानेचा अर्थ ‘हो’ असा धरला गेला. लाजणारी मुलगी होकार देते तो असाच. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई, एकवीस वर्षं स्वतःशी हा वाद घालते आहे की मी खोटं बोलले की बोलले नाही. रोजनिशीत दर संक्रांतीला याची नोंद आहे. निकाल नाही.

(आत्ता दूध बघून आले. उतू गेलं नव्हतं. आज हे तिसऱ्यांदा उठणं, कुठेच नीट बसवत नाही.)

मग मी शिकायचं ठरवलं. रद्दीवाल्याकडे क्रोशाची एक इंग्रजी पुस्तिका मिळाली, तिचं शेवटचं पान नव्हतं. दुकानात जाऊन सुई मागितली तर त्याने नंबर विचारला. मी म्हटलं, साधा. त्याने लेस करायची सुई दिली, इतकी बारीक की तिने पिशवी विणली असती तर ती पुढे शलाकाला होईल त्या मुलीला वाण म्हणून देता आली असती. दुसऱ्या खेपेला जाडी आणली. घरात कुणाला दिसू नये म्हणून मी न्हाणीघरात, नळ थोडा सोडून, साखळ्या घालत बसायची. चौथ्या दिवशी ह्यांनी दारावर टकटक केली आणि म्हणाले, तब्येत बरी नसेल तर काविळीचे माझे डॉक्टर चांगले आहेत. मला क्रोशा येतच नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “अगं, मग सवय सुटली म्हणून सांग ना. एकवीस वर्षांत कुणाचीही सुटेल.” आता सवय सुटली म्हणायला ती आधी असावी लागते, म्हणजे जुन्या खोट्यावर हा नवा मजला. हे म्हणाले की तुझ्याशी बोलण्यापेक्षा इन्कमटॅक्सवाल्यांशी बोलणं सोपं.

पहिल्या शनिवारी सतरंजीवर दहा बायका जमल्या. मी त्यांच्यापेक्षा बरोबर एका धड्याने पुढे होते. साखळी ठीक झाली. मग खांब, म्हणजे उभे टाके, सुरू केले, आणि दुसऱ्या शनिवारी असं लक्षात आलं की माझी चौकोनी पिशवी वरच्या बाजूला निमुळती होत चालली आहे. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब मी गाळत होते, कारण ती जागा मला नुसतं वळण वाटत होतं. बायकांनी माझ्याकडे बघून इमानेइतबारे तसंच केलं होतं. नऊ बायकांच्या मांडीवर नऊ त्रिकोण. सुहासिनीबाई आपला त्रिकोण उजेडाला धरून म्हणाल्या, “उत्तराताई, हा कोपरा असाच जातो का हो?” मी म्हटलं, पुढे सरळ होईल. (हे मात्र शुद्ध खोटं. मान वर करून, डोळ्यांत बघून बोलले. त्या दिवशीच्या रोजनिशीत खाली दोन रेघा आहेत.)

दहाव्या बाईची पिशवी मात्र चौकोनी होती. ती सुगंधा परब. मागच्या चाळीत राहते, कणकवलीकडची. नवरा दत्ताराम गिरणीत होता, संपात नोकरी गेली, आता विक्रोळीला एका कारखान्यात आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्रिकोणांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगो, बायनी मुद्दाम चुकीचा दाखवल्यानी, आपण ध्यान देतो काय नाय ता बघूक. आता उसवा सगळ्यांनी.” आणि बायकांनी कौतुकाने माझ्याकडे बघत उसवलं. सुहासिनीबाई म्हणाल्या, याला म्हणतात शिकवणं. ताई, मला जमिनीत जावंसं वाटलं. आजवर माझं खोटं मी एकटी सांभाळत होते, आता त्याला मदतनीस मिळाली.

परवा सोमवारी सासूबाईंनी हट्ट धरला की शिक्षिकेची पिशवी बाजारात फिरलीच पाहिजे. पट्ट्यांऐवजी नाडी बांधून तिच्यात दोन किलो बटाटे आणि वर मूठभर मिरच्या घातल्या. भाजीवाल्या कुंडलिकच्या गाडीपाशी ती माझ्या कमरेला होती, पोस्टाशी गुडघ्याला आली, आणि सोसायटीच्या फाटकाशी बटाटे माझ्याबरोबर चालायला लागले. मिरच्या वाटेतच एकेक करून निघून गेल्या. कुंडलिक त्या गोळा करत मागून आला. “वैनी, ही पिशवी हाये का मासे धरायचं जाळं?” म्हणाला. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. त्यांना अंधुक दिसतं, पण लांबलेली पिशवी दिसण्याइतकं दिसतं. 

त्याच दुपारी सुगंधा आली. टेबलक्लॉथ बघायचा म्हणाली. सासूबाई आत झोपल्या होत्या. तिने तो उलटा केला, एका फुलावर बोट फिरवलं, मग दुसऱ्यावर, आणि म्हणाली, “वैनी, ह्यां डाव्या हातान इणलेला आसा. फुलां उलटी फिरतत. तुमी तर उजव्या हाताच्या.”

तू डावखुरी आहेस हे या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी तिला सांगितलं. तुला दोनदा पाहुणे बघून गेले, दोन्हीदा हा टेबलक्लॉथ मांडला, दोन्हीदा घडी करून परत कपाटात गेला. तिसऱ्यांदा तू बसायला नकार दिलास. मग तोच माझ्यापुढे मांडला, आणि तू स्वयंपाकघरात पोहे परतत होतीस, कारण मोठी बिनलग्नाची दिसली की पाहुणे प्रश्न विचारतात, असं आई म्हणाली होती. हे इतकं सलग मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू दोनदा गॅलरीत आला, दोनदा सुगंधाने उठून परत टाकला आणि पुन्हा येऊन ऐकायला बसली.

सगळं सांगून झाल्यावर मी तिला म्हटलं, तू तोरणं करून विकतेस, तुझा हात चांगला, तूच शिकव, मी नुसती शेजारी बसते. ती म्हणाली, “शिकवतंय मी. पण माझ्या नावान. तुमच्या नावान शिकवलंय तर माझा पण तुमच्या ताईसारख्या होतला.” चहा अर्धा ठेवून गेली. रागावली नव्हती. तिला तोरणाची ऑर्डर पुरी करायची होती.

तेव्हापासून मी घरात फेऱ्या मारते आहे. येत्या शनिवारी दहा बायकांपुढे सांगायचं की वर्ग सुगंधाचा, तर त्याआधी सासूबाईंना सांगायला हवं की टेबलक्लॉथ तुझा. काल सांगायला गेले, तर त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आज सकाळी गेले, तर त्यांनीच मला विचारलं की दार उघडून नुसती उभी का राहतेस, वारा येतो. (सासूबाई वाईट नाहीत गं. एकवीस वर्षांत त्यांनी मला एकदाच दुखावलं, तेही माझ्या आमटीबद्दल, आणि ते खरं होतं. म्हणूनच अवघड आहे. खाष्ट असत्या तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते.)

असो. बाकी सर्व ठीक. ह्यांचा नमस्कार, शलाकाचा आशीर्वादासाठी नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
उत्तरा

ता. क. पुस्तिकेचं शेवटचं पान नसल्यामुळे पट्टे कसे जोडायचे ते मला ठाऊक नाही. तू लिहून पाठव. डाव्या हाताचं लिहिलंस तरी चालेल, मी आरशात बघून करीन.

ता. क. २. वरचा ता. क. खोडायला हवा होता. पट्टे सुगंधाला येतात. पट्ट्यांसाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, म्हणजे दोन तारखेला, शलाकाला बघायला बोरिवलीची मंडळी येणार आहेत. मुलगा चांगला आहे म्हणतात. सासूबाईंनी काल टेबलक्लॉथ रिठ्याच्या पाण्यात धुऊन घेतला, खळ करून घातली, आणि मला म्हणाल्या, “विचारलं तर शलाकाने केला म्हणून सांगू. तुझ्यासारखाच तिलाही लाभू दे.” शलाका तिथेच होती. ती म्हणाली, “मी काय करायचं मग? मान खाली घालू?” ती थट्टेत म्हणाली, पण मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ता. क. ३. तेव्हा विनंती अशी, की एक तारखेच्या शनिवारी तू मुलुंडला ये. रजा मिळत नसेल तर गुडघ्याचं कारण दे, ते खोटं नाही. रविवारी मंडळी येतील तेव्हा तू पुढच्या खोलीत, टेबलाजवळच्या खुर्चीत बसायचंस. पोहे मी करीन. टेबलक्लॉथ कुणी केला असं कुणी विचारलं तर शलाका बोट दाखवेल, तिच्याशी माझं बोलणं झालं आहे. तुला हे नको असेल तर तसंही लिही. इतक्या वर्षांनी सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडेलच असं मी का धरून चालावं? आधी तुझी परवानगी मागून मगच सासूबाईंशी बोलायचं, असं मनात होतं. पण तसं केलं तर पुन्हा तुझ्या आडून मी आठ दिवस काढीन, हे मला आता कळतं. सांगणं माझं आहे. येणं न येणं तुझं.

पत्र पाकिटात घालून झालं होतं, पुन्हा उघडलं आहे. रोजनिशीत दिवसाच्या शेवटी दुसऱ्या दिवसाचं एक काम लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज ते इथेच लिहिते.

उद्या: हे पत्र पेटीत टाकण्याआधी सासूबाईंना पहिल्यापासून वाचून दाखवणे, कंसांसकट.