त्रेचाळीसाव्या पानावरची कासवं

ती. मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात का आणि मामी अजून तुमच्याआधी शब्दकोडं सोडवून टाकतात का, ते कळवा. मी बरी आहे. नोकरी शाबूत आहे. हे वाक्य लिहून इतकं हलकं वाटलं की पत्र लांबणार.

गॅसची पाइपलाइन एका गावातून जाणार होती आणि तिच्यामुळे माती, पाणी, झाडं, माणसं यांचं काय होईल याचा अहवाल माझ्याकडे आला होता. मुदत तीन आठवडे. दोन आठवडे गाडी मिळवण्यात गेले (गाडीला सही लागते, सहीला साहेब लागतात, साहेबांना गाडी लागते). शेवटी गावात अर्धा दिवस उभी राहिले आणि बाकीचं तुम्ही नमुना म्हणून दिलेल्या तुमच्या जुन्या किनारपट्टीच्या अहवालावरून उतरवलं. समुद्र होता तिथे तळं केलं. होड्या काढल्या. त्रेचाळीसाव्या पानावरची कासवं तेवढी राहिली. समुद्र त्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

जनसुनावणी शाळेत झाली. (बाकं लहान मुलांची. अधिकाऱ्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते, त्यामुळे ते सारखे विचारात असल्यासारखे दिसत.) अहवाल नेहमीप्रमाणे कुणी वाचलेला नसेल, असं मी धरून चालले होते. पण तिथे कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत. त्या हाती येईल तो कागद शेवटपर्यंत वाचतात, म्हणून सगळे त्यांना वकीलबाई म्हणतात. गावाला पाणी त्या एका तळ्याचं, आणि पाइप त्याच्याच काठाखालून जाणार. म्हणून त्यांनी दोनशे बारा पानं वाचली होती. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचून दाखवलं, की मोठी समुद्री कासवं या तळ्याच्या काठी अंडी घालतात. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर खोटं बोलले, नाही म्हणावं तर खोटं लिहिलं. मी उगाच ते पान शोधू लागले.

‘‘आहेत ना,’’ वकीलबाईच म्हणाल्या. ‘‘मी पाहिलीत.’’

मग न्हाव्याला आठवलं, की एक त्याच्या दुकानात डोकावून गेलं होतं. निवृत्त पोस्टमनना तर त्यांच्यापायी सायकलवरून उतरावं लागे. अधिकारी लिहून घेत होते. इतका दुर्मीळ प्राणी, तेव्हा पाहणी नव्याने, पायी, आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊनच करायची, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंचे आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्यासाठी नाही गं बाई. नाहीत म्हटलं असतं, तर ते पान फाडून मोकळे झाले असते. आहेत म्हटलं, की बघायला यावं लागतं.’’

अकरा दिवस त्यांच्यामागून चालले, निम्मा वेळ बूट हातात घेऊन. कासव एकही दिसलं नाही. पण मी ज्या पट्ट्याला कोरडी जमीन म्हटलं होतं, तिथे तीन झरे निघाले. तळं त्यांच्यावरच जगतं, आणि पाइप त्यांच्यावरूनच जाणार होता. आता तो टेकडीपलीकडून जाईल. पूर्वीच्या जागी खणलं असतं तर चर पाण्याने भरला असता, हे कंपनीला पटल्यापासून साहेब या सगळ्याला ‘आपली दूरदृष्टी’ म्हणतात. नव्या अहवालात मी कासवं नसल्याचं आणि ती कुठून आली होती तेही खरंखरं लिहिलं. (साहेबांनी न वाचताच सही केली. न्हावी मात्र माझ्याशी जरा तुटक वागतो.)

अहवाल पायांनी लिहायचा, असं तुम्ही मला लहानपणापासून ऐकवत आलात. आता पटलं.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुमचा जुना अहवाल पोस्टाने परत पाठवला आहे. चहाचा डाग माझा.

आणखी ता. क. कासवं निदान मूळ जागी तरी सुखरूप आहेत ना, अशी चौकशी अधिकाऱ्यांनी किनाऱ्यावर केली. तिथल्या लोकांचं उत्तर काल आलं. तिथे कासवं कधीच नव्हती. अधिकारी परवा तुमच्याकडे येतील. तोवर तुम्ही ती कुठून उतरवलीत, तेवढं आठवून ठेवा. आठवत नसेल, तर काय करावं ते मी वकीलबाईंना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, मामांना सांग, आहेत म्हणा.