गौरवाच्या मजकुरातलं ते वाक्य वाचू देऊ नका

आई,

उपासनेआधी केक न्यायला तुम्ही चर्चमधून घरी याल तेव्हा मी नसेन. रविवारी तुमचा फोन कपाटात असतो, म्हणून ही चिठ्ठी. शेजारची लोरेटा मला गाडीने इस्पितळात नेते आहे. बाळ तिच्या मुलीकडे आहे, आत्ताच पाजलंय.

शुक्रवारपासून डोकं फुटतंय. आता डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि पाय सुजून चपलेत मावत नाहीत. शुक्रवारी इस्पितळात गेले तर नर्स म्हणाली, "बाळंतिणीला होतं असं, पाणी पी, झोप काढ." तुम्हीही म्हणालात, "पोरी, मी पाच बाळंतपणं काढली, पण डोकेदुखीचं नाव नाही घेतलं." रागाने लिहीत नाही.

आज उपासनेत पास्टर आपल्या काळ्या आयांच्या गौरवाचा मजकूर वाचतील. त्यातलं 'त्यांनी सगळं सोसलं, पण कधी हूं की चूं केलं नाही' हे वाक्य गाळायला सांगा. मीच ते लिहिलं आणि दोन दिवस त्याला जागत बसले. त्याऐवजी त्यांनी एवढंच विचारावं, "आज कुणाला काही दुखतंय का?" आणि उत्तर येईपर्यंत ऑर्गन वाजू नये.

तुम्ही मात्र तिथे थांबू नका. चर्चच्या त्याच पांढऱ्या पोशाखात, मोठ्या टोपीसकट इस्पितळात या. तुम्ही उभ्या राहिलात की पास्टरसुद्धा प्रवचन आवरतं घेतात. दुखतंय हे मीच सांगेन. तुम्ही फक्त माझ्याशेजारी उभं राहून म्हणा, "ही खरं बोलते आहे."

डिलाइला