‘कात्री’ कुणाच्या कुलपात जाऊ नये म्हणून

मी, तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग खात्याचा संगणक सांभाळून निवृत्त झालेली विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जावयाला शंका असेल तर त्याने स्वतःचाही काढून आणावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक लेकीला. शिवणयंत्र आणि ह्यांची मोठी कात्री धाकट्या जाऊबाईंना. त्या शिंपीकाम करतात, धार लावून घेतील.

२. ‘कात्री’ हा प्रोग्रॅम मी लिहिला. कापडावर नमुने कसे मांडले म्हणजे चिंध्या कमी पडतात, ते तो सांगतो. हे कटिंग मास्तर होते; अक्कल त्यांची, टायपिंग माझं. तेव्हाच लिहून दिलं होतं, ‘हा सगळ्यांचा. घ्या, बदला, विका.’ जावयाने घेतला, रंग बदलला, कुलूप घालून विकला. त्याबद्दल तक्रार नाही, विका असं मीच म्हटलं होतं. पण मग त्याने जाऊबाईंनाच नोटीस धाडली, की आमचा प्रोग्रॅम फुकट वापरता. आमचा म्हणे. त्याच्या प्रतीत मदतीचं बटण दाबलं की अजून ह्यांचाच आवाज येतो, “अगं, कापड उलटं धरलंयस.” शहाण्याने आत उघडून पाहिलंच नाही.

३. जुनी कात्री सगळ्यांचीच राहील. दिलेलं मी परत घेत नाही. नवी मी पुष्कळ सुधारली आहे. माझ्यामागे तीही कुलपात घालायचा जावयाचा बेत आहे, म्हणून रोज फोन करून तब्येत विचारतो. तर नवीला हा परवाना: कोणीही घ्यावी, बदलावी, विकावी; मात्र पुढे देताना सोर्ससकट, म्हणजे आतली सगळी लिखावट उघडी ठेवून, याच मुभेने द्यावी.

४. नवीचा हक्क लेक आणि जाऊबाईंना सामाईक. परवाना बदलायला दोघींच्या सह्या लागतील. जाऊबाईंनी शिवलेल्या लेकीच्या लग्नाच्या पोशाखाची एक बाही आखूड झाली, तेव्हापासून दोघींचं कशावरही जमलेलं नाही. नातेवाइकांनी कृपा करून समेट घडवू नये.

५. (सहीआधी जोडलेलं) वरचं वाचून दाखवलं, तेव्हा दोघी एका सुरात म्हणाल्या, “एवढी कसली घाई?” दोघींचे डोळे भरले. मलाही राहवलं नाही, रडले. पण एकमत झालं, म्हणजे धोका आला. म्हणून मरणाची वाट न पाहता नवी कात्री सोर्स आणि परवान्यासकट आत्ताच, इथे बसून, ओळखीच्या सगळ्या शिंप्यांना पाठवून दिली. उद्या जावयाचा फोन आला, तर तो खरंच माझ्या तब्येतीसाठी आहे असं मी समजेन.

सही: लेकीची आई
साक्षीदार: कोपऱ्यावरचा चष्मेवाला, वरच्या मजल्यावरची नर्सबाई (दोघांना यातून चहाखेरीज काही मिळत नाही)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच