आईची मेंदी, मावशीचा सोनेरी

उमरेड, दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. मिनल हिस,

सुमतीताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तू ठीक असशीलच, तुझं सगळं नेहमी ठीकच असतं.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. लहानूभाऊ कंडक्टरच्या हाती पिशवी पाठवते आहे, तिच्यात हे पत्र आणि शेंगदाण्याची चटणी आहे. चटणी अपेक्षासाठी आहे. तूही खा.

काल तुझ्या लाडक्या भाचीने, अपेक्षाने, फोनवर सांगितलं, की फेब्रुवारीत लग्नाला उभी राहील तेव्हा तिचे केस सोनेरी असतील. त्यात लाल झाक नको, पिवळीही नको, राखेसारखा थंड सोनेरी हवा म्हणे. ऐकून तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. माझी काही हरकत नव्हती. समोरच्या खोलीत पार्लर चालवून अर्ध्या उमरेडचे केस मी रंगवले आहेत. मी म्हटलं, ये, मी करून देते. तर म्हणाली, आई, तुझा सोनेरी नारिंगी होतो, मिनलमावशीच तिच्या पार्लरमध्ये करेल. पाटलांच्या सुनेची आठवणही करून दिली. त्या सुनेचं डोकं कळमना बाजारातल्या संत्र्यासारखं झालं होतं हे खरं, पण घाई तिने केली होती, मी नाही.

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. अगं, त्या पोरीच्या शाळेच्या वेण्या मी घातल्या, पहिला बॉबकट मी केला, दर उन्हाळ्यात मेंदी मी लावली. अकरावीला तुझ्याकडे ठेवली ती शिकायला ठेवली, देऊन टाकली नव्हती. पुढे नोकरीही तिथेच लागली आणि पोर तुझीच झाली. माय मरो पण मावशी जगो असं म्हणतात, त्यावर मी पूर्वी हसायची. सरळ सांगते, माझा जळफळाट होतो आहे. कोणाला सांगू, तुलाच सांगते.

तिला जरा समजाव. किंवा नकोच. तू समजावलंस तर ती ऐकेल, आणि मला आणखी राग येईल.

लोभ आहेच, पण सगळा तिकडे ओढून घेऊ नकोस.

तुझी,
सुमतीताई


नागपूर, दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सुमतीताईस,

मिनलचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

चटणी पोचली. अपेक्षाने मला दोन चमचे दिली आणि बाकीची ऑफिसात नेली, तेव्हा पोर कोणाची झाली ते तूच ठरव.

मी तिला समजावलं, गं. म्हटलं, आईकडून करून घे, मी शेजारी उभी राहते. ती म्हणाली, तुम्ही दोघी भांडाल आणि केस माझे जातील. यात मला काही चूक सापडली नाही.

काल दुकान बंद ठेवून तिला खुर्चीत बसवलं. काळ्या केसाच्या पोटात लाल-नारिंगी दडलेला असतो, हे तुला काय सांगायचं. काळा उतरला की तो वर येतोच. म्हणून ब्लीचमध्ये कडक डेव्हलपर कालवून एका दमात उजळायचं नाही. मी सौम्य घेतला, बारीक बटा काढल्या, फॉइलमध्ये गुंडाळल्या, आणि मुळं शेवटी ठेवली, कारण डोक्याच्या उबेने ती लवकर उजळतात. आधी मानेजवळची एक बट तपासली होती. ती बरी निघाली आणि मी फसले, तिथे तुझी मेंदी लागलेलीच नसावी. वरचे नवे केस छान उजळले, पण कानाखालचे जुने केस विटकरी झाले आणि तिथेच अडले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं झालं. अपेक्षा आरशापुढे रडली. मी म्हटलं होईल सगळं, आणि ब्लीच धुऊन टाकलं.

ताई, तू तिला कुठली मेंदी लावायचीस? बाजारातल्या काळ्या मेंदीचं पाकीट असेल तर त्यातल्या धातूमुळे पुढे ब्लीच लावणं धोक्याचं आहे. केस तापतात आणि हातात तुटून येतात. मग मला इथेच थांबावं लागेल आणि पोर लग्नात विटकरी डोक्याने उभी राहील. राग माझ्यावर काढ, पण खरं ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
मिनल


उमरेड, दि. २९ नोव्हेंबर २०२४

चि. मिनल हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं, एकदा काळजीने आणि एकदा मजेने.

नाचता येईना अंगण वाकडं. मुंबईला जाऊन कोर्स केलास, भिंतीवर सर्टिफिकेट लावलंस, आणि अडलीस कुठे, तर माझ्या मेंदीपाशी! आईची लोखंडी कढई आठवते ना, जी तुला हवी होती आणि मला मिळाली? तिच्यात मी मेंदी भिजत घालते. चहाचं काळं पाणी, कात, आवळा. दुसऱ्या दिवशी ती अशी काळी येते, की हात लावला तर आठवडाभर नखं रंगलेली. माझा रंग तुझ्या हाताने उतरत नाही, हे वाचून मी दोन दिवस खूश होते. खोटं काहून बोलू?

तिसऱ्या दिवशी पोर आरशापुढे रडते आहे असं डोळ्यांपुढे आलं आणि पेन घेतलं. पाकीट मी तिला कधीच लावलं नाही. शेजारच्या रंभाबाईंच्या अंगणातली पानं, मीच वाटलेली. कढईचं लोखंड उतरलं असेल तेवढंच. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. खालची एक विटकरी बट कापून घे, वाटीत ब्लीच कालवून तिच्यात बुडव, आणि वाटीला हात लावून बस. वाटी तापली तर सगळं सोडून दे.

नाही तापली तर कर तुला काय करायचं ते. आणि झालं की मला फोटो पाठवू नकोस.

फोटो पाठव. आशीर्वाद आहेतच, रुसवाही आहे.

तुझी,
सुमतीताई


नागपूर, दि. ६ जानेवारी २०२५

ती. सौ. सुमतीताईस,

सा. न. वि. वि.

वाटी तापली नाही. तुझ्या सांगण्यावरून हात लावून बसले होते. त्या एका वाक्यासाठी तुझी बाकीची चेष्टा माफ.

मध्ये केसांना विसावा देत देत पुढे गेले. विटकरीचा नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा. केळ्याच्या सालीची आतली बाजू असते ना, तेवढा फिका होईपर्यंत उरलेली झाक मारणाऱ्या टोनरला हातच लावला नाही. नारिंगीला निळा मारतो आणि पिवळ्याला जांभळा, पण केस पुरता उजळलाच नसेल तर कुठलाच टोनर त्याला थंड करत नाही. लोक इथेच घाई करतात. (पाटलांची सून.) काल शेवटचा जांभळा टोनर दिला, आणि धुतल्यावर केस असे निघाले, की अपेक्षा आरशापुढून हलेचना. सोबतचा फोटो बघ. कुठे लाल-पिवळी ऊब दिसली तर सांग.

तुझी मेंदी शेवटी निघाली. पण ज्या चिवटपणे बसली होती ते पाहून मलाच तुझा हेवा वाटला. मी दिलेला टोनर महिन्या-दीड महिन्यात फिका पडतो.

आता दोन गोष्टी ऐक. तुमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, त्याने पिवळी झाक परत येईल, म्हणून केस फिल्टरच्या पाण्याने धुवायचे. दुसरी मोठी आहे. उजळवलेला केस रंग पिऊन घेतो, आणि हळदीचा पिवळा माझ्या कुठल्याच जांभळ्याने जाणार नाही. तेव्हा हळदीच्या दिवशी तिच्या केसांना हळदीचं बोटही लागता कामा नये. टाळूलासुद्धा नको. हे तुला सांभाळायचं आहे.

कळावे. लोभात माझाही वाटा धरावा.

तुझी,
मिनल


उमरेड, दि. १९ जानेवारी २०२५

चि. मिनल हिस,

आशीर्वाद. संक्रांतीला अपेक्षा येऊन गेली.

फाटकातून आत आली तेव्हा मी अंगणात होते. मी मान वर केली तेव्हा ती फाटक लावायला वळली होती, पाठमोरी. रंभाबाईंनी मला विचारलं, की ही कोन होय वं, आणि देवाशपथ सांगते, क्षणभर मलाही कळलं नाही. पोटच्या पोरीला मी ओळखलं नाही. केस सुंदर झाले आहेत, हे लिहिताना पेन अडतं आहे. उन्हात उभी करून मी एकेक बट उलटून पाहिली, कुठे तरी नारिंगी सापडेल म्हणून. सापडला नाही.

रात्री तेल घेऊन बसले तर म्हणाली, मावशीला विचारते. तेलासाठी मावशीला विचारणार! सकाळी धुवायला जांभळ्या शाम्पूची बाटली आणि फिल्टरचं पाणी. माझ्या घरात माझ्या पोरीच्या डोक्याला हात लावायला मला तुझी परवानगी लागते.

आणि आता हळद. आपल्या घरी पहिली हळद आईची, आणि ती टाळूवर. आईने मला लावली, तुलाही लावली. नवरीच्या टाळूवर आईचं बोट पडल्याशिवाय बाकीच्या बायकांनी हात लावायचा नाही. एवढाच एक मान माझ्याकडे उरला होता, तोही तू एका ओळीत काढून घेतलास. मी टाळूवर हळद लावणार. मग तुझा रंग राहो की जावो.

रागात लिहिलं आहे, रागातच पाठवते.

सुमतीताई


नागपूर, दि. २७ जानेवारी २०२५

ती. सौ. सुमतीताईस,

नमस्कार, वि. वि.

रविवारी ती त्या खुर्चीत बसायची आणि मी मागे उभी राहून बटा काढायची. ऑफिसचं, नवरदेव उन्मेषचं, होणाऱ्या सासूचं, सगळं आरशात बघून मला सांगायची. मला मूल नाही हे मी तुला कधी रडून सांगितलं नाही. पण त्या रविवारांत मी तिची कोणीतरी होते. तुझ्याकडे तिचं अख्खं बालपण आहे, ताई. माझ्याकडे एवढंच एक काम आहे, आणि त्यावर तू ओंजळभर हळद ओतणार.

लग्नाच्या आठवड्यात टोनर देऊन तिला पाठवीन. हळदीला मी येणार नाही. ते केस पिवळे होताना मला बघवणार नाही. लग्नाला येईन.

लोभाचं तूच बघ.

मिनल


उमरेड, दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. मिनल हिस,

अनेक अनेक आशीर्वाद. लग्नात तू आलीस, पण पाहुण्यांच्या गर्दीत बोलणं झालं नाही, आणि तू फुगलेलीही होतीस. म्हणून हळदीचं आता सांगते.

अपेक्षा पाटावर बसली, केस मोकळे. मी वाटी घेऊन पुढे गेले. मला वाटलं होतं ती हात धरेल, मावशीचं नाव घेईल, मग मलाही भांडता येईल. पण ती तर आई करेल ते करेल, म्हणून डोळे मिटून बसली. मिनल, त्या मिटलेल्या डोळ्यांनी माझी पंचाईत केली.

वाटी खाली ठेवली. घरात जाऊन खोबरेल तेल आणलं, मुळापासून टोकापर्यंत चोपडलं. वर पार्लरमधली प्लास्टिकची टोपी, आणि तिच्यावर आईच्या हिरव्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं. मग त्या फडक्यावरूनच टाळूला पहिलं बोट लावलं. रंभाबाई दोन्ही मुठी भरून आल्या आणि ओरडल्या, की काहून वं सुमती, पोरीले हळद बी लावू देत नाहीस. मी त्यांचं मनगट धरलं आणि सांगितलं, गालाले लावा, डोक्याले नाही. असं प्रत्येकीशी भांडले. संध्याकाळी फडकं सोडलं तर तुझा सोनेरी होता तसाच होता.

लग्नात जी ती विचारे, केस कोणी केले. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीने. दर वेळी पोटात दुखलं, तरी सांगितलं. फक्त एका ठिकाणी जीभ घसरली. उन्मेषच्या आईने विचारलं, आणि मी म्हणून गेले, की मीच केले.

विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, मग माझेही करून द्या. होळीच्या आधी येणार आहेत. मी जवळून पाहिलं, त्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षांची मेंदी आहे, आणि तीही पाकिटाची असावी. अपेक्षा शेजारीच उभी होती. तिने पदरात तोंड लपवून हसून घेतलं.

आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे. त्यांचं पाटलांच्या सुनेसारखं झालं तर पोर सासरी काय तोंड दाखवेल? पहिल्या गाडीने ये. आणि हे लिहायची लाज वाटते, पण माझ्या हाताखालची म्हणून ये.

लोभ असू दे, निदान होळीपर्यंत.

तुझी,
सुमतीताई


नागपूर, दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सुमतीताईस,

मिनलचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

येते. विहीणबाईंसमोर तुला मॅडम म्हणेन. फॉइल तू मोड, मी वाटी धरेन आणि चुकलीस की कोपराने ढोसेन. आधी त्यांची एक बट मात्र कापून घेऊ. वाटी तापली तर कामच करायचं नाही, आणि ते त्यांना तू सांगायचं, कारण मॅडम तू आहेस.

एक सांगून टाकते. परवा अपेक्षा उन्मेषला घेऊन आली होती. केस मी उजेडात नेऊन पाहिले, एकही बट पिवळी नाही. तिच्या पर्समध्ये ते हिरवं फडकं होतं, हळदीचे डाग पडलेलं, घडी घालून ठेवलेलं. सासरी नेलंय. मी म्हटलं, मला दे, दुकानात ठेवते. दिलं नाही. म्हणाली, केसांना रंग तर मावशी पुन्हा देईल, हे पुन्हा कुठून आणू?

तेव्हापासून माझा जळफळाट होतो आहे. कोणाला सांगू, तुलाच सांगते.

तुझी,
मिनल