दोनशे बारा चेहरे

४ जून
रीळ आणि केमिकल विकणारा शेवटचा दुकानदार शहाणा झाला. दुकानात झेरॉक्सची मशिनं टाकतोय. "तुमच्या एकट्यासाठी किती दिवस माल ठेवू?" म्हणजे बावीस वर्षं मी जी कला जोपासली, तिचं मी एकुलतं एक गिऱ्हाईक!
शाळेनं चित्रकलेचा तास बंद केल्यापासून घरीच आहे. बायको म्हणाली, "डिजिटल कॅमेरा घ्या आणि फोटोचीच कामं करा. हौस पुरे झाली."
डिजिटल म्हणजे फोटो नव्हे, असं मी चारचौघांत किती वेळा बोललोय! आता गिळा.

९ जून
डिजिटल आला. बटणं इतकी की विमानही उडेल. पहिला फोटो काढला आणि सवयीनं रीळ पुढे ढकलायला अंगठा गेला — हवेत! बायको हसून हसून बेजार.
मग तिनं बाथरूमच्या खिडकीवरचा काळा कागद फाडला. अकरा वर्षांनी उजेडात अंघोळ केली म्हणे. माझी डार्करूम गेली, त्याचं तिला सुतक नाही.

१० जून
चहाच्या एका कपाचे तीनशे फोटो. रिळात छत्तीसच बसले असते. त्यातले पस्तीस फुकट गेले असते, ते सोडा.

१९ जून
पहिलं काम! पंपांचा कारखाना, ओळखपत्रांचे फोटो. माणसं दोनशे बारा, दिवस एक. ऑफिसातल्या बाईंनी बजावलं — "कला नको. चेहरा स्पष्ट हवा. दोन्ही कान दिसले पाहिजेत."
बावीस वर्षं सावल्यांमागे धावलो. शेवटी कान!

२१ जून
कँटीनमध्ये पांढरा पडदा लावला. पहिले वीस जण असे बसले, जणू दात उपटायला आलेत. मग एका वेल्डरला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर त्याचा फोटो दाखवला. तो ओरडला, "अहो, हा तर माझा सासरा! पुन्हा काढा!" अख्खी रांग हसली.
मग काय, प्रत्येकाला बघायचं होतं. पुन्हा काढा, आता हसतो, आता केस नीट करतो. पॅकिंगमधल्या एक मावशी पुढचा दात पडलाय म्हणून तोंडावर हात धरून बसलेल्या. म्हटलं, "हात काढा, आवडला नाही तर पुसून टाकू." काढला. बराच वेळ बघत राहिल्या. "राहू दे हा," म्हणाल्या.
रीळ असतं तर हे चोचले जमले नसते. हे इथेच लिहितो, बाहेर कबूल करणार नाही.

२७ जून
बाईंचा फोन. "यादी पाठवलीय. त्या एकतीस जणांचे फोटो मोठे करून आजच द्या." यादीत वेल्डर आहे, मावशी आहेत. गुणवंत कामगारांचा फलक लावणार असतील! पाठवताना एकेकाचा चेहरा थोडा उजळला. बायको म्हणाली, "बघा, लोक मोठ्ठे प्रिंट मागायला लागले." कॉलर ताठ.

१ जुलै
पुढच्या कामाचं बोलायला गेलो. फाटक बंद. वेल्डर, मावशी, यादीतले बाकीचे — सगळे बाहेर रस्त्यावर उभे. पहारेकऱ्याच्या केबिनच्या काचेवर माझे एकतीस फोटो ओळीनं चिकटवलेले. वर लिहिलंय — 'कामावरून कमी. आत सोडू नये.'
पहारेकरी मला म्हणाला, "झकास आलेत हो फोटो. लांबूनच ओळखू येतात."